बाहुलीघरासाठी फायरप्लेस : घरातल्याच वस्तूंमधून, पण मापात

पुठ्ठाप्रेमी

बाहुलीघरासाठी फायरप्लेस करायची म्हटली की पहिले प्रश्न रंगाचे आणि दिव्याचे निघतात. माझे मत थोडे वेगळे आहे. लहान फायरप्लेस खोटी दिसते ती बहुतेक वेळा जाडीमुळे. घरात सापडणारी प्रत्येक वस्तू आपली स्वतःची जाडी घेऊन येते, आणि ती जाडी छोट्या मापात किती होईल याचा विचार न करता ती चिकटवली, की वर कितीही सुंदर रंग दिला तरी डोळ्याला काहीतरी खटकत राहते. म्हणून कोणतीही वस्तू हातात घेतली की तिची जाडी आधी बाराने गुणावी, एवढी एकच सवय लावून घ्यावी असे मी सुचवेन.

बारानेच, कारण बाहुलीघरांमध्ये सर्वांत रूढ प्रमाण १:१२ आहे, म्हणजे खऱ्या एक फुटाला लहान एक इंच. या हिशेबाने सामान मांडून पाहा. खोक्याचा जाड पुठ्ठा, ज्याच्या पोटात नागमोडी कागद असतो, तो ३ ते ४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे खऱ्या घरातला साडेतीन ते पावणेपाच सेंटिमीटरचा दगड किंवा फळी. आइसक्रीमची काडी सुमारे २ मिलिमीटर जाड, म्हणजे खरी २४ मिलिमीटरची, अर्थात जवळजवळ एक इंची फळी. काडेपेटीतली काडीही साधारण तेवढीच. खाऊच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा अर्धा मिलिमीटर, म्हणजे खरे ६ मिलिमीटर, आणि लिहिण्याचा साधा कागद जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा. एकदा हे कोष्टक डोक्यात बसले की कोणती वस्तू कुठे शोभेल हे विचारावे लागत नाही. वरची फळी करायला आइसक्रीमच्या दोन काड्या एकावर एक चिकटवाव्यात. एकच काडी लावली तर फळी पाप्याचे पितर दिसते.

आता मापे. मध्यम आकाराच्या खऱ्या फायरप्लेसचा, आग जिथे पेटते तो कोनाडा ९० सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच धरला, तर आपला ७.५ सेंटिमीटर रुंद आणि सव्वासहा सेंटिमीटर उंच होतो. वरची फळी जमिनीपासून सुमारे १३० सेंटिमीटरवर असते, म्हणजे आपल्याकडे पावणेअकरा. पुढे जमिनीवर जी फरशी असते ती कोनाड्याच्या तोंडापासून चाळीस-पन्नास सेंटिमीटर पुढे येते, कारण उडालेली ठिणगी तिच्यावर पडायला हवी. आपल्याकडे ती साडेतीन ते चार सेंटिमीटर ठेवावी आणि दोन्ही बाजूंना दीड-पावणेदोन सेंटिमीटर जास्त घ्यावी. ही फरशी विसरणारे बरेच जण मी पाहिले आहेत. ती नसेल तर आग थेट लाकडी जमिनीवर पेटवल्यासारखी दिसते.

सांगाडा करताना छातीएवढ्या उंचीचा चौकोन तेवढा भिंतीला चिकटवू नये. खऱ्या घरात कोनाड्यामागे धुराडे असते, आणि ते भिंतीतून पुढे आलेल्या एका रुंद खांबासारखे थेट छतापर्यंत जाते. १२.५ सेंटिमीटर रुंद, ३ सेंटिमीटर पुढे आलेले आणि खोलीच्या उंचीइतके असे एक उभे खोके जाड पुठ्ठ्याचे करावे, त्यात खाली कोनाड्याचे तोंड कापावे, आणि मग त्यावर बाकीची सजावट चढवावी. पुठ्ठा कापताना आतल्या नागमोडी नळ्या उभ्या येतील असे पाहावे. आडव्या आल्या तर ते उंच खोके मध्येच वाकते.

नवशिकी

फार उपयोगी माहिती आहे, धन्यवाद. माझी अडचण अशी आहे की माझ्या बाहुलीघराची मागची भिंत एका पातळ फळीची आहे आणि ती कापता येणार नाही. ३ सेंटिमीटर पुढे आलेल्या खोक्यात कोनाडा पुरेसा खोल दिसेल का? चित्रांत पाहते त्या फायरप्लेस बऱ्याच खोल वाटतात.

गुण्या

नवशिकी, तुमच्या अडचणीचे उत्तर खऱ्या फायरप्लेसच्या इतिहासातच आहे. जुने कोनाडे चौकोनी आणि खोल असत, त्यामुळे बरीचशी उष्णता धुराड्यातून वर निघून जाई. उष्णतेवर काम करणारे शास्त्रज्ञ काउंट रमफोर्ड यांनी १७९६ साली यावर निबंध प्रसिद्ध केला आणि कोनाडा उथळ करून त्याच्या बाजूच्या भिंती तिरप्या ठेवाव्यात असे सुचवले, जेणेकरून उष्णता खोलीत परावर्तित व्हावी. त्यांच्या रचनेत मागची भिंत तोंडाच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश, खोलीही तेवढीच, आणि बाजूच्या भिंती मागच्या भिंतीशी १३५ अंशांचा कोन करणाऱ्या असतात.

वर दिलेल्या मापांत हे अगदी नेमके बसते. तोंड ७.५, मागची भिंत २.५ आणि खोली २.५ सेंटिमीटर. म्हणजे ३ सेंटिमीटरच्या खोक्यात कोनाडा मावतो आणि तो खोटाही नसतो, कारण अशा हजारो फायरप्लेस खरोखर बांधल्या गेल्या. करायलाही सोपे आहे. पातळ पुठ्ठ्याची ९.६ सेंटिमीटर लांब आणि सव्वासहा सेंटिमीटर उंच अशी एकच पट्टी घ्या. दोन्ही टोकांपासून ३.५५ सेंटिमीटरवर उभी रेघ मारा, तिच्यावरून बोथट टोकाने दाब द्या आणि घडी घाला. मधला भाग आपोआप २.५ सेंटिमीटरचा राहतो. पट्टी खोक्यात आतून बसवण्यापूर्वीच तिच्यावर विटा आणि काजळीचे काम पूर्ण करावे, नंतर आत ब्रश पोहोचत नाही.

एक फायदा आणखी. तिरप्या भिंती आतला उजेडही खोलीकडे फेकतात, त्यामुळे पुढे दिवा लावायचा असेल तर लहानसा दिवाही पुरतो. आणि कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे डोळ्यांनी ठरवू नका. काटकोन तपासायचा गुण्या नसेल तर पोस्टकार्डाचा कोपरा लावून पाहा.

कातरकाम

विटांबद्दल लिहिते, कारण माझा बहुतेक वेळ त्यांच्यातच जातो.

ब्रिटनमधील प्रमाणित वीट २१५ मिलिमीटर लांब आणि ६५ मिलिमीटर उंच असते आणि दोन विटांमधली दर्ज १० मिलिमीटरची. बाराने भागले की वीट १८ मिलिमीटर लांब आणि सुमारे साडेपाच मिलिमीटर उंच होते, आणि दर्ज एक मिलिमीटरपेक्षाही कमी. बहुतेकांचे काम इथेच बिघडते. विटा बरोबर कापलेल्या असतात, पण दर्जा दोन-दोन मिलिमीटरच्या ठेवलेल्या असतात, आणि भिंत विटांची न दिसता फरशी बसवल्यासारखी दिसते. दर्जेसह हिशेब केला तर पुठ्ठाप्रेमींच्या मापाचा कोनाडा बरोबर चार विटा रुंद आणि दहा थर उंच येतो, हा योगायोग नाही. खरे गवंडीही मापे विटांच्या पटीतच धरतात.

विटांसाठी माझी पसंती अंड्यांच्या कागदी लगद्याच्या ट्रेला आहे. त्याचा पृष्ठभाग मुळातच खडबडीत असतो आणि तो खडबडीतपणा या प्रमाणात विटेला शोभतो. ट्रेचे झाकण सपाट असते, ते घ्यावे. खोलगट भाग वापरायचा असेल तर तो ओला करून, दोन फळ्यांमध्ये दाबून वाळवावा. त्यातून साडेपाच मिलिमीटरच्या पट्ट्या कापून मग त्यांचे १८ मिलिमीटरचे तुकडे करावेत. तुकडे सगळे तंतोतंत सारखे करण्याच्या फंदात पडू नये. मात्र थरांच्या आडव्या रेषा पेन्सिलीने आधी आखून घ्याव्यात, कारण वीट वेडीवाकडी चालते, थर वाकडा चालत नाही.

दर्जा भरायला भिंतीची पुट्टी पाण्यात दह्याइतकी सैल करून बोटाने दाबून भरावी आणि लगेच ओलसर फडक्याने विटांवरची पुसून घ्यावी. त्याआधी विटांना पांढऱ्या गोंदाचे पातळ पाणी लावून ते वाळू द्यावे, नाहीतर लगदा पुट्टी शोषून घेतो आणि सगळी भिंत फिकट पडते. रंग एकाच डब्यातला नसावा. विटकरी रंगात कधी थोडा काळा, कधी थोडा पिवळा मिसळून तीन-चार छटा कराव्यात आणि त्या विखरून लावाव्यात. शेजारच्या दोन विटांची छटा वेगळी असली की पुरे.

आधीमोजा

कातरकाम यांच्या विटा सुंदर होतात यात शंका नाही, पण प्रत्येकाने सुट्या विटा चिकटवाव्यात असे मला वाटत नाही. ज्यांना एका सुट्टीच्या दिवसात काम उरकायचे आहे त्यांनी जाड कागदावर किंवा फोमच्या पातळ पत्र्यावर शाई संपलेल्या बॉलपेनने रेघा दाबाव्यात. थर्माकोलचे ट्रे मिळतात, त्यांच्यावर हे फार चांगले उमटते. दर्जा आपोआप बारीक येतात आणि पुट्टी भरण्याचे कामच राहत नाही. एक खबरदारी मात्र हवी. थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारू नये आणि ग्लू गनचा तापलेला गोंदही लावू नये, कारण पहिल्यातल्या द्रावकाने आणि दुसऱ्याच्या उष्णतेने तो वितळून खड्डे पडतात. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग आणि पांढरा गोंद हेच वापरावे.

दुसरा मुद्दा मला विटांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. कोनाड्याच्या तोंडावरच्या विटा कशाच्या आधारावर उभ्या आहेत? बहुतेक लहान फायरप्लेसमध्ये विटांचे आडवे थर तोंडावरून सरळ पुढे नेलेले दिसतात. खऱ्या बांधकामात असे केले तर त्या विटा खाली येतील. तिथे एक तर दगडाची किंवा लाकडाची आडवी तुळई असते, नाहीतर लोखंडी पट्टी असते, किंवा विटा उभ्या लावून सपाट कमान केलेली असते. यातले काहीही एक दाखवावे. आइसक्रीमच्या काडीची तुळई करणे सर्वांत सोपे. तिच्या कडा चाकूने किंचित ओबडधोबड कराव्यात आणि दोन्ही टोके तोंडाच्या बाहेर निदान एकेका अर्ध्या विटेवर टेकवावीत. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण वरचे वजन पेलले गेले आहे हे त्याच्या नजरेला पटते.

नवशिकी

मी काल सांगाडा केला आणि रंग दिल्यावर पुठ्ठा धनुष्यासारखा वळला. रंग पाण्यातलाच होता. तो सरळ करता येईल का?

पुठ्ठाप्रेमी

येईल. पाण्याचा रंग एका बाजूला लागला की त्या बाजूचे कागदाचे तंतू आधी फुगतात आणि वाळताना आकसतात, आणि दुसरी बाजू कोरडीच राहिल्यामुळे पुठ्ठा रंगाच्या बाजूकडे ओढला जातो. उपाय म्हणजे दुसऱ्या बाजूलाही तेवढेच पाणी दाखवणे. पांढरा गोंद आणि पाणी निम्मे निम्मे करून मागच्या बाजूला लावा, अर्धवट सुकल्यावर दोन्हीकडे प्लॅस्टिकचा कागद ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा. पुढच्या वेळी रंगापूर्वीच दोन्ही बाजूंना हे गोंदाचे पाणी देऊन टाका. ज्यांना मोठे सपाट भाग करायचे आहेत त्यांनी बारीक नळ्यांचे दोन पुठ्ठे असे चिकटवावेत की एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील. मग तो कोणत्याच दिशेला सहज वळत नाही.

पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडांमधून नळ्या दिसतात, त्याही झाका. कडेवर कागदाची अरुंद पट्टी चिकटवणे पुट्टी भरण्यापेक्षा नीट होते.

कातरकाम

नळ्यांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगते. त्या नेहमी लपवायलाच हव्यात असे नाही. पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलून काढला की आतला नागमोडी कागद उघडा पडतो, आणि कोनाड्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या उभ्या पट्ट्या लावल्या तर जुन्या इमारतींतल्या उभ्या पन्हाळ्यांच्या खांबांसारखे काम आयते मिळते. जाड पुठ्ठ्यापेक्षा बारीक नळ्यांचा पुठ्ठा यासाठी चांगला. खांबाच्या वर आणि खाली काडीचे चौकोनी तुकडे बसवले की तो पूर्ण दिसतो. फळीखालचे कंगोरेही विकत आणावे लागत नाहीत. काडी, तिच्याखाली पातळ पुठ्ठ्याची थोडी आत घेतलेली पट्टी, तिच्याखाली आणखी आत घेतलेली काडेपेटीची काडी, अशा पायऱ्या उतरत्या लावायच्या आणि सगळ्यावर रंगाचे दोन जाडसर हात द्यायचे. रंग खाचांमध्ये साचून कडा गोलसर करतो आणि ते एकाच लाकडातून काढलेले वाटते. सुटलेल्या मण्यांचे आणि बारीक गुंड्यांचे नक्षीकाम करायचे असेल तर ते रंगाआधी चिकटवावे. मणी सोनेरीच राहिला तर तो मणीच दिसतो.

तारतम्य

आता आगीकडे येऊ. खऱ्या ज्योतीचा, मेणबत्तीचा किंवा उदबत्तीचाही विचार इथे कोणी करू नये. आपण कागद, गोंद आणि लाकडाची वस्तू बनवत आहोत.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे बॅटरीवर चालणारी शोभेची मेणबत्ती. तिच्यात पिवळसर एलईडी, तो लुकलुकवणारे सर्किट, बॅटरीचे घर आणि बटण हे सगळे एकत्र असते. वरचे प्लॅस्टिक काढून टाकले की उरलेला भाग बहुधा कोनाड्याच्या फरशीखाली बसतो. तो बसावा म्हणून पुढची फरशी थोडी उंच करावी लागते. काही खऱ्या घरांतही ती उंचावलेली असते, त्यामुळे विसंगत वाटत नाही.

सुटे एलईडी वापरायचे असतील तर रंग जपून निवडा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा. मेणबत्तीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास असतो आणि घरातले उबदार म्हणून विकले जाणारे पांढरे दिवे २७०० च्या आसपास, म्हणजे तेही आगीपेक्षा पांढरेच. एक नारिंगी आणि एक लाल असे दोन दिवे, लाकडांच्या वर न ठेवता खाली आणि मागे, मागच्या भिंतीकडे तोंड करून लावावेत. आपल्याला दिवा दिसता कामा नये, त्याने उजळलेली वीट दिसली पाहिजे. तरीही ठिपका दिसत असेल तर वर बटर पेपरचा चुरगळलेला तुकडा ठेवा.

नारिंगी किंवा लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. दोन पेन्सिल सेल मिळून ३ व्होल्ट देतात, तेव्हा उरलेल्या १ व्होल्टसाठी प्रत्येक दिव्याला वेगळा रोधक (रेझिस्टर) लावावा. वीस मिलिॲम्पिअर धरले तर हिशेब ५० ओहम येतो, पण मी १०० ओहम सुचवेन. आपल्याला प्रखर उजेड नकोच आहे आणि सेलही जास्त टिकतात. एलईडीचा लांब पाय धन टोकाला जातो.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. बऱ्याच शोभेच्या दिव्यांत बटणासारखा चपटा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. ज्या घरात लहान मुले बाहुलीघराला हात लावणार आहेत तिथे सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे, किंवा दिवाच नसावा. रंगाने केलेली विझत आलेली आग दिव्याशिवायही चांगली दिसते.

आधीमोजा

दिव्याशिवायच्या आगीला माझेही मत. मुळात आत काय जळते आहे हे आधी ठरवावे, कारण लाकूड आणि दगडी कोळसा यांची मांडणी एकसारखी नसते. लाकूड राखेच्या थरावर, फरशीवरच जळू शकते. त्याला फार तर दोन लोखंडी घोड्यांचा, म्हणजे ओंडके टेकवायच्या बुटक्या स्टँडचा, आधार देतात. कोळशाला खालून हवा लागते, म्हणून तो नेहमी उचललेल्या जाळीच्या टोपलीत असतो. फरशीवर कोळशाचा ढीग आणि जाळीत तीन ओंडके, अशी अदलाबदल पुष्कळदा दिसते.

जाळीसाठी कागदाला लावायची वळवलेल्या तारेची साधी पिन (पेपर क्लिप) उत्तम. तिची तार सुमारे १ मिलिमीटरची, म्हणजे खरी १२ मिलिमीटरची सळई. याहून योग्य माप विकतही मिळणार नाही. पक्कडीने सरळ करून समान तुकडे करावेत, दोन आडव्या तुकड्यांवर चिकटवावेत आणि काळा रंग देऊन वर किंचित विटकरी रंगाचा कोरडा ब्रश फिरवावा. ओंडक्यांसाठी झुडपाच्या वाळक्या काटक्या घ्याव्यात, पण साल अगदी बारीक पोताची असलेल्या. सहा ते दहा मिलिमीटर जाडीची काटकी खऱ्या सात ते बारा सेंटिमीटरच्या ओंडक्याएवढी होते. टोके करवतीने कापलेली हवीत, मोडलेली नकोत, आणि एखादा ओंडका मधोमध उभा चिरलेला असावा. कोळसा म्हणजे चार ते आठ मिलिमीटरची खडी, काळी रंगवून.

गुण्या

काजळीवर कोणी लिहिले नाही, आणि मला तर तीच या कामाचा प्राण वाटते. कोनाडा आतून सरसकट काळा रंगवला की तो भोकासारखा दिसतो, त्याची खोली नाहीशी होते. खऱ्या कोनाड्यात मागच्या भिंतीवर जिथे ज्योत थेट लागते तिथली काजळी उष्णतेने जळून जाते आणि वीट फिकट, जवळजवळ स्वच्छ राहते. तिच्याभोवती आणि वर काजळी दाट होत जाते. म्हणजे मध्ये खाली फिकट डाग, त्याच्या कडांना काळपट वलय आणि वर धुराड्याच्या तोंडाशी गडद काळे, असा क्रम ठेवावा. तुळईच्या खालच्या कडेला अगदी थोडी काजळी चालते. जास्त दिली तर त्या घरात धूर कोंडत असावा असा अर्थ निघतो.

काजळीसाठी रंग न घेता चित्रकलेच्या कोळशाची पूड कोरड्या ब्रशने चोळावी. पेन्सिलीची पूड घेऊ नये, तिला चमक असते आणि काजळीला ती नसते. वरून लावायचे वार्निशही बिनचमकीचेच हवे. राखेसाठी काहीजण खाण्याचा सोडा रंगात मिसळतात. तो पाण्यात विरघळणारा असल्यामुळे मला त्याचा भरवसा वाटत नाही. चाळलेली बारीक रेती, थोडी कोरडी पुट्टी आणि चिमूटभर कोळशाची पूड यांचे मिश्रण गोंदावर भुरभुरवले तर राख हवी तशी येते. ती जाळीखाली आणि मागे सरकवलेली असावी, आणि पुढच्या फरशीवर अगदी दोन-चार कण.

नवशिकी

पुठ्ठा सरळ झाला, मनापासून आभार. आता दोन प्रश्न आहेत. मला बाहेरची चौकट संगमरवराची करायची आहे, ती कशी करावी? आणि माझ्या बहिणीचे घर १:२४ प्रमाणाचे आहे, तिने सगळी मापे निम्मी केली तर चालेल का?

कातरकाम

संगमरवरासाठी पातळ पुठ्ठ्याचे तीन-चार थर चिकटवून दीड ते दोन मिलिमीटरची पाटी करा. खऱ्या आवरणाची पाटी दोन सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे माप जुळते. पुट्टीचा हात देऊन ती बारीक पॉलिश पेपरने काचेसारखी गुळगुळीत करा, कारण संगमरवराला खडबडीतपणा परवडत नाही. पांढऱ्यात किंचित राखाडी मिसळून तळरंग द्या आणि तो ओला असतानाच अगदी पातळ केलेल्या राखाडी रंगाने तिरप्या रेषा ओढा. ब्रश बोटांत फिरवत ओढला की रेषेची जाडी कमी-जास्त होते. लगेच ओल्या स्पंजने टिपून कडा विरघळू द्या. शिरा कमी ठेवा. मोठ्या दगडातली नक्षी तशीच छोट्या पाटीवर उतरवली की ती चितारलेली वाटते. उभ्या दोन पाट्या आणि आडवी पाटी वेगवेगळ्या रंगवा आणि सांध्यावरून शीर पुढे नेऊ नका, कारण ते वेगळे दगड आहेत. शेवटी फक्त या भागाला चमकदार वार्निश द्यावे. विटा मंद आणि संगमरवर चमकदार, या फरकानेच दोन्ही खरे वाटतात.

पुठ्ठाप्रेमी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. बाह्य मापे निम्मी करावीत, पण कृती तीच ठेवता येत नाही. १:२४ मध्ये वीट ९ मिलिमीटर लांब, पावणेतीन मिलिमीटर उंच आणि दर्ज अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. इथे सुट्या विटा चिकटवण्याचा हट्ट सोडून आधीमोजा म्हणतात तशा रेघाच दाबाव्यात. गुणाकारही आता चोवीसने करायचा. आइसक्रीमची एकच काडी इथे जवळजवळ पाच सेंटिमीटरची फळी होते, म्हणून फळीसाठी ती एकटी पुरते. पेपर क्लिपची तार मात्र २४ मिलिमीटरची सळई होईल, म्हणजे फार जाड; तिथे स्टेपलरची पिन घ्यावी.

शैली ठरलेली नसेल तर शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयात नार्सिसा थॉर्न यांनी घडवून घेतलेल्या ६८ लघुखोल्या आहेत, त्यांची छायाचित्रे पाहावीत. १९३२ ते १९४० या काळात घडवलेल्या या खोल्या १:१२ याच प्रमाणात आहेत आणि त्यांत तेराव्या शतकाच्या अखेरीपासूनची युरोपीय दालने दाखवलेली असल्यामुळे फायरप्लेसचा आकार काळानुसार कसा बदलत गेला हे एकामागोमाग दिसते. वास्तुकार एडविन लट्येन्स यांच्या आराखड्याने घडलेले आणि १९२४ साली पूर्ण झालेले ब्रिटनच्या राणी मेरी यांचे बाहुलीघरही १:१२ चेच आहे. आपले सामान पुठ्ठ्याचे असले म्हणून मापे त्यांच्याकडून घ्यायला काहीच हरकत नाही.

नवशिकी

शेवटचे एक विचारते. सगळे तयार झाले की भिंतीला कायमचे चिकटवावे का?

तारतम्य

चिकटवू नका. सेल बदलायला, तार सुटली तर जोडायला आणि कोनाड्यातली धूळ काढायला ती बाहेर यावी लागते. धुराड्याच्या खोक्याची मागची बाजू उघडीच ठेवा, वर छताशी मिलिमीटरभर फट ठेवा आणि भिंतीला दुहेरी चिकटपट्टीचे दोन लहान तुकडे किंवा जुन्या डब्याच्या झाकणातले चुंबक लावा. छताशी राहिलेली फट कंगोऱ्याच्या पट्टीने झाकता येते. ती पट्टी खोक्याला न चिकटवता छताला चिकटवावी.

आधीमोजा

आणि पुढची फरशी खोक्यालाच जोडलेली असू द्या, जमिनीला नाही. नाहीतर फायरप्लेस बाहेर येईल आणि आतला दिवा जमिनीतच अडकून राहील.